मळ्यातल्या बावीची राखण

राजमतीअक्का माझ्या आईची धाकटी बहीण. नात्यानं मावशी, पण सगळी पेठ तिला अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्काच म्हणायला लागले. लग्न होऊन मी येरळीत तिच्याच गल्लीत आले तेव्हा आईनं बजावलं होतं, "शेजारी मावशी हाय म्हनून माजू नगंस. तिचं पानी भरनं एकदा बघ, मग कळंल संसार कशाला म्हंत्यात." ते पाणी भरणं बघून मला संसार काही कळला नाही. कंटाळा मात्र कळला.

बस्ती म्हणजे आमचं जैनांचं देऊळ. बस्तीच्या मागं बाव होती. तिथं अक्का घागरीच्या तोंडावर दुपदरी जाडं फडकं बांधायची आणि पाण्याची धार इतकी बारीक सोडायची, की बघणाऱ्याचा जीव जावा. गाळून झालं की फडकं उलटं करायचं, त्यावर गाळलेलंच पाणी ओतायचं, आणि त्या धुवणात जे बारीक जीव उतरतात ते परत बावीत सोडायचे. त्याला आम्ही जिवाणी म्हणतो. वरून भसकन ओतायची नाही, जीव आपटून मरतात. बुडाला कडी असलेल्या पोहऱ्यात घालून पार पाण्यापर्यंत सोडायची आणि तिथं पोहरा हलकेच उलटा करायचा. शिवाय ज्या पाण्यातली जिवाणी त्याच पाण्यात गेली पाहिजे. आम्ही बाकीच्या बायकाही हे करायचो, पण चुलीवर काय ठेवलंय याचा विचार करत करत. अक्का ते करताना दुसरा कसलाही विचार करायची नाही.

तिचा नवरा ऐन तारुण्यात प्लेगात गेला होता. मूलबाळ नाही. दिरानं तिला मागची खोली दिली आणि जहागीर दिल्यासारखा जन्मभर मिरवला. अक्कानं कधी ब्र काढला नाही. कुणाच्या घरी बाळंतीण असो, कुणाचं मयत असो, अक्का हजर. जैनांच्याच नव्हे, मराठ्यांच्या घरीही. तिचा शब्द गल्लीत कुणी खाली पडू देत नसे. माझा शब्द घरातलं मांजरसुद्धा ऐकत नव्हतं, त्यामुळं मला तिचा थोडा हेवाही वाटायचा.

आमची येरळी तेव्हा सातारा जिल्ह्यात मोडायची, पण बाजाराला आणि सोयरिकीला सांगली. गावाला नगरपालिका होती. म्हणजे इमारत होती, रस्त्यावर कंदील होते, कंदिलात तेल नव्हतं. पूर्वी साथ आली की नगरपालिकेची माणसं पोलीस घेऊन यायची, दारं ठोठावायची, लोक मागल्या दारानं पळायचे. साथ तिच्या मर्जीनं जायची आणि दोन्हीकडचे लोक आपणच घालवली म्हणून सांगत बसायचे.

जपानची लढाई संपली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पटकी आली, म्हणजे कॉलऱ्याची साथ. नदी आटलेली, बावींचा तळ दिसायला लागलेला. तेव्हा आरोग्याचा इन्स्पेक्टर म्हणून लालासाहेब नुकता लागला होता. पलूसकडच्या शेतकरी घरातला पोरगा, फौजेत डॉक्टरांच्या हाताखाली काम करून आलेला. अंगावर खाकी, तोंडात निम्मी भाषा हिंदुस्तानी. पण माणूस डोक्याचा. त्यानं पोलीस आणला नाही. पेठेच्या चौकात पारावर येऊन बसला आणि म्हणाला, "हुकमानं पटकी जात न्हाई, मंडळी. हे मी लढाईत बघून आलोय. निम्मं काम सरकारचं, निम्मं तुमचं. हरेक गल्लीनं असं एक मानूस द्या, ज्याचं तुमी ऐकता." आमच्या गल्लीनं विचार न करता अक्काचं नाव दिलं.

पहिलीच अडचण बस्तीच्या बावीची निघाली. तिचं पाणी पिणारी माणसं आजारी पडत होती, आणि लालासाहेबाला तिच्यात लाल औषध टाकायचं होतं.

अक्कानं विचारलं, "त्यानं काय व्हतं?"

"जंतू मरत्यात."

"किती?"

"सगळं."

आयुष्यभर जिनं फडक्याला चिकटलेला जीवसुद्धा पाण्यात नेऊन सोडला, तिला हा माणूस अख्खी बाव मारायला सांगत होता. ती नाही म्हणाली नाही, पण आमच्या घरांतून कुणी ते लाल पाणी पिणार नाही हे तिनं स्पष्ट सांगितलं. "जोर केलासा तर मानसं गुपचूप नदीतलं डबकं गाठतील," ती म्हणाली. आणि ते खरं होतं.

दुसरा कुणी असता तर वाद घालत बसला असता. लालासाहेबानं सौदा केला. गावाबाहेर कल्लाप्पाचा मळा होता आणि त्यातली बाव स्वच्छ होती. कल्लाप्पा आमच्याच समाजातला, देवभोळा माणूस. बाव द्यायला तयार झाला. ठरलं ते असं: बस्तीची बाव फळ्या ठोकून बंद. नगरपालिकेचा गाडा मळ्यातलं पाणी रोज आणणार, तेही कातडी पखालीतून नाही, तोटी बसवलेल्या लोखंडी टाकीतून. मळ्यातल्या बावीत औषध पडणार नाही. बदल्यात गल्लीनं दुसरं पाणी प्यायचं नाही, प्यायचं पाणी गाळून उकळायचं, आणि सगळ्यांनी दंडावर सुई टोचून घ्यायची. गल्ली हे सगळं करते की नाही हे अक्कानं बघायचं.

आणि शेवटचं, तोटीला जात नाही. गाडा पेठेत थांबून पुढं महारवाड्यात जाणार. इथं पेठेची तोंडं आंबली. कुणीतरी खाकरलं, कुणी उठायला लागलं. अक्का बसल्या जागेवरून म्हणाली, "तहान सगळ्यास्नी सारखीच लागती," आणि उठलेले परत बसले. मी तेव्हा मनात म्हटलं, बाई गं, पाणी गाळता गाळता तू कधी एवढी मोठी झालीस!

आणि खरंच, साथ थांबली. मला सरकारचं कौतुक करायची हौस नाही, पण त्या दिवसांत गाव आणि नगरपालिका एका बैलजोडीसारखे चालले हे कबूल करते. गाडा वेळेवर यायचा. लालासाहेब स्वतः टाकी घासायला उभा राहायचा. महारवाड्यातली दगडाबाई, जिनं जन्मात दुसऱ्यानं वरून ओतलेलंच पाणी घेतलं होतं, ती तोटी स्वतः फिरवून घागर भरायची आणि भरली तरी क्षणभर तोटीवरचा हात काढायची नाही.

अक्का घरोघर फिरायची. तिच्या पायाला भिंगरी लागली होती. माझ्या शेजारच्या साळूबाईचा नवरा नाथाजी ब्रह्मदेशातल्या लढाईतून धडधाकट परत आला होता. फौजी माणूस, पण अक्का लालासाहेबाला सुईसकट घरी घेऊन आली तेव्हा तो माळ्यावर जाऊन लपला. अक्का खालून म्हणाली, "नाथाजी, जपान्याला भ्याला न्हाईस आन् सुईला भ्यालास व्हय रं?" तो हसत खाली आला. साळूबाईनं दोन्ही दंड त्याच्या आधी पुढं केले.

उकळायचं मात्र फारसं कुणी मनावर घेतलं नाही. सरपण मिळत नव्हतं. भाकरीला जाळ पुरेना, तर पाण्याला कुठला? गाळणं सोपं होतं, ते सगळ्यांनी उचललं, मराठ्यांच्या बायकांनीसुद्धा. लालासाहेब खूश. गल्लोगल्ली सांगत सुटला, राजमतीअक्का गाळतात तसं गाळा.

तिथंच अक्काला एक काळजी लागली. साळूबाई फडकं धुऊन ते पाणी गटारात टाकताना तिनं पाहिलं.

"अगं, गटारात नगं. मला दे," अक्का म्हणाली.

"काय करायचं आवं ते घान पानी?"

"घान कसलं? त्यातलं जीव मळ्यातल्या बावीचं हायत. त्यास्नी त्यांच्या घरला जायाला नगं?"

साळूबाईनं माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. पण अक्काचा शब्द म्हणून दिलं. मग सगळी गल्लीच द्यायला लागली. अक्का दिवसभर घरोघरची धुवणं एका तांब्याच्या हंडीत गोळा करायची, वर फडकं बांधायची, आणि ऊन कललं की मळ्याकडं निघायची. जायला यायला बरीच चाल होती. मळ्यात बावीत पोहरा सोडून जिवाणी पाण्यात अलगद पोचवायची, मग तिथंच काठावर बसायची. कुणी बावीत उतरत नाही ना, कुणी कपडे धूत नाही ना, हे बघायची. वाटेत लालासाहेब सायकलवरून उतरून तिला नमस्कार करायचा. त्याला वाटायचं अक्का बावीच्या राखणीला निघाली. तेही खोटं नव्हतं. हंडीत काय आहे हे त्यानं विचारलं नाही, आणि सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलं नाही.

मध्ये एकदा गाड्याचा आस मोडला. त्या दिवशी गाडा आला नाही. पेठेतल्या घरांत साठवण होती, महारवाड्यात कुठली? दगडाबाई घागर घेऊन मळ्यात गेली, पाटाच्या कडेला बसून राहिली आणि कल्लाप्पाच्या गड्यानं वरून ओतलं ते पाणी घेऊन आली. बावीच्या जवळसुद्धा गेली नव्हती. पण येताना पेठेनं तिला पाहिलं.

काही दिवसांनी पटकी परत आली. आणि ह्या खेपेला फक्त गाड्याचं पाणी पिणाऱ्यांनाच आली. नाथाजी सकाळी ओकायला लागला, दिवस मावळायच्या आत गेला. सुई टोचली होती, तरी गेला. एवढी मोठी लढाई ज्याला मारू शकली नाही, तो माणूस आपल्या चुलीपुढं तांब्याभर पाणी पिऊन मेला. साळूबाई रडलीच नाही. भिंतीला टेकून बसली, आणि अक्का तिचा हात धरून बसली.

दुसऱ्या दिवशी अक्का हंडी घेऊन निघाली तेव्हा मी सोबत गेले. मळ्यात लालासाहेब आधीच आलेला, कल्लाप्पाला विचारत होता, बावीवर कोण कोण येतं.

कल्लाप्पा म्हणाला, "गाडीवान येतो, आन् आक्का. दुसरं कोन येनार? आक्का रोज जिवानी सोडत्यात. लय पुन्याचं काम."

लालासाहेब आमच्याकडं वळला. "कुठली जिवानी, आक्का?"

"गल्लीची."

"सगळ्या घरांची?"

"सगळ्या."

"बनुबाईच्या घरची बी?"

बनुबाई गल्लीच्या तोंडच्या घरातली म्हातारी. पहिल्या साथीत पटकीनं पडली होती, मरता मरता वाचली आणि अजून अंथरुणातच होती. तिची सून तिची धडुती धुवायची आणि तसल्याच हातानं पाण्याचं फडकं पिळायची.

"व्हय, त्यांच्या बी," अक्का म्हणाली. "त्यांच्या फडक्यातलं जीव काय निराळं हायत?"

"निराळंच हायत, आक्का," लालासाहेब म्हणाला. "पटकीचं हायत."

अक्काला समजायला वेळ लागला नाही. तिनं हंडी जमिनीवर ठेवली. हात पदराला पुसले, परत पुसले, पुसतच राहिली. त्या स्वच्छ बावीची राखण करणाऱ्या बाईनंच रोज चालत येऊन तिच्यात रोग सोडला होता, तोही पोहरा हलकेच उलटा करून, एकाही जिवाला धक्का न लावता. मला तिच्याकडं बघवेना. घरी येताना ती एवढंच म्हणाली, "उद्या सगळ्यांपुढं सांगते."

पण पेठेनं तोवर आपला गुन्हेगार ठरवून टाकला होता. नगरपालिकेच्या ओसरीवर सभा भरली. दगडाबाई आणि तिचा नवरा आकाराम खाली उन्हात उभे. दगडाबाईनं बावीत घागर बुडवली, बाव बाटली, देवीचा कोप झाला. जो तो डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगत होता. कल्लाप्पाचा गडी, ज्यानं स्वतः वरून पाणी ओतलं होतं, तो तोंडात तंबाखू धरून गप्प.

अक्का उठली. भरल्या सभेत बाई उठून बोलायची ती पद्धत नव्हती, पण अक्का होती म्हणून सगळे थांबले.

"दगडाबाईनं काय केलं न्हाई," ती म्हणाली. "बावीत रोग मी घातला. समद्यांची जिवानी मी नेऊन सोडली. आजारी घरची बी सोडली. मला कळलं न्हाई. नाथाजी माझ्यामुळं गेला."

कुणी ओरडलं असतं, कुणी शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. लोक कौतुकानं बघायला लागले.

"काय मन हाय बगा बाईचं!" कल्लाप्पाला गहिवरून आलं. "दुसऱ्याचं पाप आपल्या डोस्क्यावर घेत्यात."

अक्काचा दीर म्हणाला, "जाग्रणानं डोकं शिणलंय तिचं. बसवा तिला."

अक्का साळूबाईकडं वळली. "साळू, तू तरी ऐक गं."

साळूबाई नवरा गेल्यापासून पहिल्यांदा बोलली. "आक्का, तुमी गप बसा. जिवाला जीव देनाऱ्या बाईच्या हातनं मानूस मरत न्हाई." आणि तिनं उन्हातल्या दगडाबाईकडं बोट केलं. "त्या रांडंनं माझं कुकू पुसलं."

आता सगळे लालासाहेबाकडं बघायला लागले. त्याला सगळं माहीत होतं. त्यानं टोपी काढली, आत काहीतरी हरवल्यासारखं बघितलं, परत घातली. "पान्यात दोष कशानं आला, हे नक्की सांगता येत न्हाई," तो म्हणाला.

मग ठराव झाला, एकमतानं. गाडा महारवाड्यात जाणार नाही. दगडाबाईनं मळ्यात पाय ठेवायचा नाही. आणि बाव शुद्ध करण्यासाठी तिच्यात लाल औषध टाकावं. जे औषध जंतू मारतं म्हणून आमच्या लोकांनी नाकारलं, तेच महारणीचा विटाळ घालवतं म्हटल्यावर एकानंही हरकत घेतली नाही. ह्या शहाणपणाला काय म्हणावं ते मला आजवर सुचलेलं नाही.

सभा मोडल्यावर अक्का लालासाहेबाच्या आडवी गेली. "तुमास्नी म्हाईत व्हतं," ती म्हणाली.

तो खाली बघत म्हणाला, "व्हय. पन जिवानीला बोल लावला आन् ही मानसं तुटली तर उद्या एका बी बावीत औषध पडनार न्हाई, आक्का. मला गाव जगवायचाय."

"महारवाडा गावात न्हाई व्हय?"

तो सायकल हातात धरून चालत गेला.

औषधानं काम केलं. पेठेतली पटकी गेली. पाऊस लागायच्या आधी साहेब लोक आले, हार झाले, भाषणं झाली. सरकार आणि जनता हातात हात घालून चालली की काय होतं ते येरळीत येऊन बघावं, असं एक जण बोलला. अक्काचं नाव पुकारलं तेव्हा ती घरात जमीन सारवत होती. बोलवायला आलेल्यांना तिनं दार उघडलं नाही, तर त्याचंही कौतुक झालं. ती पुढं बरीच वर्षं जगली आणि गल्लीनं तिला शेवटपर्यंत पुण्यवान मानलं. सुना तिच्या पाया पडायच्या. ती पाय आखडून घ्यायची.

एक गोष्ट मात्र पेठेत कुणाला माहीत नाही, कारण तेव्हा अक्काबरोबर फक्त मी होते. ठराव झाल्यापासून महारवाडा नदीच्या वाळूत झरा उकरून पाणी पीत होता. तिकडं माणसं मेली. त्यांची कुणी विचारपूस केली नाही. आकारामही त्यातच गेला. ते कळलं त्या सकाळी अक्कानं गाड्यावरचं आपल्या वाट्याचं पाणी उकळलं, त्यासाठी खोलीतला पाट फोडून जाळला, आणि घागर डोक्यावर घेऊन निघाली. मी तिच्या मागं. आमच्या घरातली बाई महारवाड्यात पाणी घेऊन जाते, हे कुणी पाहिलं असतं तर मला माहेरची वाट धरावी लागली असती. पण अक्काला एकटं सोडवेना.

दगडाबाई दारात बसली होती. आम्हांला बघून उठली आणि सवयीनं बाजूला सरकली.

"दगडाबाई," अक्का म्हणाली, "मी समद्यांपुढं सांगितलं गं. कुनी खरं मानलं न्हाई."

"मी मानलं," दगडाबाई म्हणाली. "सगळ्या गावात मी एकटीनं मानलं."

अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणी तिच्यावर विश्वास ठेवत होतं. तिनं घागर उतरवली आणि पुढं केली. "मग हे घे. चांगलं हाय. उकळून आनलंय."

दगडाबाईनं घागरीकडं बघितलं. आत कुठंतरी पोर पाणी पाणी करत होतं, ते आम्हां तिघींनाही ऐकू येत होतं. तिनं हात पुढं केला नाही.

"न्हाई आक्का," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुमचं खरं मानलंय, म्हनूनच तुमच्या हातचं पानी माझ्या लेकराला पाजायची न्हाई मी."

अक्कानं घागर उचलून परत डोक्यावर घेतली, आणि आम्ही घरी आलो.